चौदा वरंबे

हेमालीला संध्याकाळी सहाच्या आत गोव्याच्या संशोधन संस्थेला एक शब्द कळवायचा होता: ‘मंजूर’. तेवढा शब्द गेला की तिचा शोधनिबंध छापायला जाणार, आणि तो छापला की जानेवारीत दक्षिणेला निघणाऱ्या जहाजावर तिची जागा पक्की. तिच्या वरिष्ठांनी, प्रदीप सरांनी, हे फोनवर तीनदा सांगितलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस मंजूर म्हणतो आणि जेवायला बसतो. पण हेमाली पडली तांडेलाची, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाची, मुलगी. बोट सुटण्याआधी दोराची प्रत्येक गाठ ओढून बघायची, ही घरातली खोड.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती आठवडाभर मुरब्याला घरी आली होती. शेवटचं एकदा बघावं म्हणून सकाळी बोईसरला जाऊन तिने आपला नकाशा मोठा छापून आणला. कागद मशीनमधून बाहेर येताना झेरॉक्सवाल्याने मान वाकडी करून विचारलं, “मॅडम, किसका खेत है?” त्याचं तरी काय चुकलं? अंटार्क्टिकाजवळच्या समुद्राचा तळ होता तो, पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून काढलेला, आणि त्यावर ओळीने वरंबे. शेत नाही, शेतकरी नाही, वरंबे मात्र पद्धतशीर.

ते बर्फाने घातलेले होते. बारा हजार वर्षांपूर्वी तिथे बर्फाची अख्खी चादर समुद्राच्या तळावर टेकून होती. भरतीला तिची कड उचलायची, ओहोटीला गाळावर बसायची, आणि बसली की गाळ दाबला जाऊन एक वरंबा वर यायचा. तोवर बर्फ थोडा मागे हटलेला, म्हणून पुढचा वरंबा थोडा मागे. मोठ्या भरतीचा मोठा, लहान भरतीचा लहान. हेमालीने जहाजावरून लांब नळी खाली घुसवून तिथला गाळ काढला होता, त्यातल्या बारीक शिंपल्यांवरून वय ठरवलं होतं आणि वरंब्यांवरून बर्फाचा वेग. दोन वरंब्यांत तीस मीटर, दिवसाला दोन वरंबे, म्हणजे बर्फ दिवसाला साठ मीटर मागे पळाला. हा आकडा ऐकून गोव्यात लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या होत्या. मुरब्यात तर मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. त्यावर साठ मीटरचे साठ किलोमीटर झाले होते, पण ते बदलायला सांगणार कोण?

तिचे वडील, भिका तांडेल, खाटेवर पाय लांब करून बसले होते. चाळीस वर्षं बोट चालवलेला माणूस आता बायकोने पुढ्यात ठेवलेला जवळा निवडत होता, त्यामुळे मूळचा तिखट स्वभाव आणखी तिखट झाला होता.

“ह्ये काय हाय?” त्यांनी विचारलं. हेमालीने सगळं सांगितलं. भिकांनी हात लुंगीला पुसला आणि एकेका वरंब्यावर बोट ठेवत निघाले.

“ह्यो मोठा. मंग बारीक बारीक होत गेले. मंग परत चढले. ह्यो परत मोठा.” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अगं, हे तर उधाण नं भांग हाय!”

पुनव-अवसेला पाणी चढतं ते उधाण, मधे मलूल होतं तो भांग. बापाने ते बारा हजार वर्षं जुन्या गाळात एका झटक्यात ओळखलं, याचा हेमालीला केवढा अभिमान वाटला!

“तेच, बाबा. निबंधातही तेच लिहिलंय.”

“मोठ्यापासून मोठ्यापर्यंत चौदा.”

“हो.”

“नं दिसाला दोन.”

“दोनच. भरती दोनदा येते ना.”

“मंजे सात दिस.” भिकांनी मान वर केली. “सात दिसांत उधाण परत कसं येल? पुनव ते अवस पंधरा दिस. चंद्राला तिकडं काय घाई झाली?”

दोन वर्षं हेमालीने वरंबे मोजले होते, पण हा साधा हिशेब केला नव्हता.

मग बापलेक त्या कागदावर वाकून बसले. चंद्र चुकत नाही, हे दोघांना मान्य. पाणी दिवसातून दोनदा येतं, हेही मान्य. मुरब्याच्या पोराला ते चालता येण्याआधी कळतं. वरंबे चौदाच, ते तर समोर छापलेले. तिन्ही गोष्टी खऱ्या, आणि तिघींचं एकमेकींशी जमेना. हेमालीने पुन्हा मोजले. भिकांनी उलटीकडून मोजले. चौदाच.

“तुज्या मशिननं अर्दे खाल्ले असतील.”

“मशीन असं खात नाही, बाबा.”

“मंग चंद्रानं खाल्ले?”

आपण रागावलोय की घाबरलोय, हेच हेमालीला कळेना. तेवढ्यात तिची आई, येसूबाई, अंगणात बोंबील वाळत टाकून आत आली. दोघांची तोंडं बघून म्हणाली, “जेवाला चला. पाणी किती येळा येतं ते पाण्यालाच विचारा.”

दोन महिने हेमाली त्या समुद्रावर राहिली होती. पाण्याला मात्र तिने विचारलं नव्हतं. जेवण बाजूला ठेवून तिने लॅपटॉप उघडला आणि त्या भागातल्या भरती-ओहोटीची नोंद शोधली. रेषा वर चढली, खाली उतरली, दिवस संपला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

“बाबा, तिकडे भरती दिवसातून एकदाच येते.”

“एकदाच?” भिका थक्क झाले. “मंग लोक बोटी कवा काडतात?”

“तिकडे लोकच नाहीत.”

“मंग बरोबर हाय,” भिका म्हणाले. त्यांच्या मते प्रश्न सुटला होता.

हेमालीने पुस्तकात वाचलं होतं की कुठेकुठे भरती एकदाच येते. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण मोजायला बसली तेव्हा हाताने आपलं मुरब्याच्या खाडीचंच पाणी मोजलं, आणि वरचे लोक साठाच्या आकड्यावर एवढे खूश की कोणी विचारलं नाही. चौदा वरंबे म्हणजे चौदा दिवस, चंद्राचा पंधरवडा जवळपास जुळला. साठाचे झाले तीस. तीसही थोडे नव्हते, पण तेवढा वेग याआधी दुसऱ्यांनी छापला होता. जहाज मिळत होतं ते साठामुळे.

हिशेब पुन्हा तपासता तपासता पाच वाजून गेले होते. आपल्या मोजण्याने लेकीचं जहाज चाललं, हे आता भिकांनाही उमगलं.

“मी बोललोच नसतो तर?”

“तर कोणाला कळलं नसतं. इतक्यात तरी.”

“मी मेल्यानं कशाला मोजलं!” त्यांनी जवळ्याची टोपली लांब ढकलली.

हेमालीला मनापासून वाटलं, आज मंजूर म्हणावं, जहाजावर चढावं, आणि परत आल्यावर चूक सापडल्याचं सांगावं. वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. कुठलं वाटणं आपलं, ते तिला ठरवता येईना.

“बाबा, तुमचा पाण्याचा अंदाज कधी चुकला?”

“चार येळा.”

“मग?”

“मंग काय? बोट वळवायच्या आदी तांडेलानं खलाशांना तोंडानं सांगायचं, माजं चुकलं. गुपचूप वळवली तरी त्यांना कळतंच. मंग पुढच्या येळी वारा सुटला नं मी कितीबी वरडलो तरी कोन दोराला हात लावत नाय.”

“आणि सांगितल्यावर?”

“शिव्या घालतात.”

हेमालीने फोन लावला. “सर, माझं चुकलं,” ती म्हणाली, आणि न थांबता सगळं सांगितलं. मग सरांनी विचारलं, हे कोणाच्या लक्षात आलं? “माझ्या वडिलांच्या,” ती म्हणाली. त्यानंतर सरच बोलत राहिले आणि ती नुसतं “हो सर” म्हणत राहिली.

फोन ठेवल्यावर तिला मोकळं वाटलं.

“काय बोलला?” भिकांनी विचारलं.

“निबंध मागे घ्यायचा. जहाजावर माझ्या जागी दुसरं कोणीतरी जाईल.”

“कोन?”

“अजून ठरायचंय.”

भिकांनी नकाशावरच्या पहिल्या मोठ्या वरंब्यावर पुन्हा बोट ठेवलं.

“कोन जायचा ते ठरलं का त्याला फोन कर,” ते म्हणाले. “तिकडं पाणी एकदाच येतं, सांगून ठेव. नायतर त्यो बी फसंल.”

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू हेमालीला आता आवरलं नाही.