चार नंबरचा सेन्सर

लेबलचा प्रिंटर बंद पडलाय, एवढीच तक्रार होती. संघप्रिया कांबळेला डेअरीत बोलावलं होतं ते तेवढ्यासाठीच.

कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याला लागून ही खासगी डेअरी. सकाळचं दूध येऊन पडलेलं, आत पाश्चरायझर चालू, आणि पॅकिंग हॉलमध्ये क्रेटवर चिकटवायची लेबलं निघत नाहीत म्हणून सगळं तटलेलं. फाटकाशी टेंपोवाले हॉर्न मारून मारून कंटाळले होते. मॅनेजर जयपाल चौगुले तिला दारातच भेटले.

"मॅडम, चहापाणी मागनं बघू. आधी त्यो प्रिंटर चालू करा. बेळगावची गाडी खोळंबलीया."

"शनिवारी चालत होता ना?"

"चालत हुता की. काल रविवारी तुमचं श्रेयस साहेब येऊन कायतरी बदलून गेलं. आज बघतोय तर ह्ये असं."

श्रेयस म्हणजे संघप्रियाचा मालक. राजारामपुरीत त्याची नेटवर्कची कामं घेणारी छोटी कंपनी होती आणि ती तिथं चार वर्षं काम करत होती. काय बदललं होतं ते तिला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका कंप्युटरला व्हायरस लागला आणि तो थेट मशीनच्या कंप्युटरपर्यंत पोचला. म्हणून श्रेयसनं नेटवर्कचे वेगळे भाग पाडले. ऑफिस आणि कंट्रोल रूमचा एक, पॅकिंगचा दुसरा, मशीन आणि सेन्सरचा तिसरा. व्हीलॅन म्हणतात त्याला. एका भागातून दुसऱ्या भागात काही जायचं तर ते राउटरमधूनच जाणार, आणि राउटरला श्रेयसनं नियम लावून दिले होते. राउटर नियम वरून खाली वाचत जातो. जो पहिला लागू पडेल तो चालवतो. एकही लागू पडला नाही, तर सगळ्यात खालचा शेवटचा नियम लागतो, तो म्हणजे टाकून दे. टाकलं म्हणून तो कुणाला सांगतही नाही.

राउटर कंट्रोल रूममध्ये होता. तिथं अनुजा पाटील ड्युटीवर होती. पंचविशीतली, हसरी पोरगी. तिच्यासमोरच्या मोठ्या स्क्रीनवर सहा हिरवे दिवे ओळीनं लागलेले. दूध थंड ठेवायला डेअरीत अमोनिया गॅस वापरतात. तो कुठं गळाला तर कळावं म्हणून सहा ठिकाणी सेन्सर बसवलेले, त्यांचे हे दिवे.

संघप्रियानं लॅपटॉप जोडला आणि नियम वाचायला घेतले. प्रिंटरचं कारण लगेच सापडलं. ऑफिसकडून प्रिंटरकडं जायच्या परवानगीत श्रेयसनं पोर्टचा नंबर चुकीचा घातला होता. किरकोळ काम. ती दुरुस्त करणार, तेवढ्यात तिचं लक्ष खालच्या आकड्याकडं गेलं. प्रत्येक नियम किती वेळा लागला हे राउटर मोजत असतो. 'टाकून दे' या शेवटच्या नियमापुढचा आकडा चढत होता.

प्रिंटरचंच असणार, असं तिला वाटलं. तिनं इंटरकॉमवरून पॅकिंगला छपाई थांबवायला सांगितली. आकडा चढतच राहिला.

मग तिनं राउटरला, टाकलेलं दाखव, म्हणून सांगितलं. स्क्रीनवर ओळी येऊ लागल्या. प्रत्येक ओळीत तोच पत्ता. मशीनच्या भागातून कुणीतरी या खोलीतल्या कंप्युटरला काहीतरी पाठवत होतं, राउटर ते टाकत होता, आणि ते पुन्हा पाठवत होतं.

"अनुजा, शेवटी चोवीस येतं तो पत्ता कशाचा?"

अनुजानं माऊस फिरवला. "चार नंबरचा सेन्सर. रिसीव्हर रूमचा, अमोनियाची टाकी हाय तिथला. का हो ताई? हिरवा हाय की त्यो."

"हिरवा म्हणजे काय? तिथं गॅस नाही असं?"

"सेन्सर चालू हाय असं. आपला कंप्युटर सारखं त्यांना इचारतो, चालू हायसा का म्हणून. ते व्हय म्हणत्यात. मग हिरवा."

"आणि गॅस वाढला तर?"

"तर सेन्सर आपणहून कळवतो. मग लाल होतो आणि…"

अनुजा बोलता बोलता थांबली. संघप्रियानं नियमांची यादी पुन्हा वरून वाचली. श्रेयसनं कंट्रोल रूममधून जाणाऱ्या प्रश्नाला परवानगी दिली होती. त्या प्रश्नाच्या उत्तराला दिली होती. पण सेन्सरनं स्वतःहून काही कळवायचं ठरवलं तर त्याला वाट देणारा नियमच यादीत नव्हता.

"एरवी तो आपणहून काही पाठवतो? टेस्ट वगैरे?"

"न्हाय. माझ्या बघण्यात तरी न्हाय."

"तिथं आत्ता कोण आहे?"

"केरबामामा गेल्यात, तेल काढायला. मघाशीच गेले." अनुजाचा चेहरा उतरला होता. अमोनियाच्या टाकीत कंप्रेसरचं तेल साठतं, ते अधूनमधून खालच्या व्हॉल्व्हमधून काढावं लागतं. व्हॉल्व्ह अडकला तर तेलामागोमाग गॅस बाहेर येतो, हे अनुजाला सांगायला लागत नव्हतं.

तिनं केरबाला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली.

संघप्रियानं श्रेयसला लावला. त्यानं लगेच उचलला. तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

"नवे सेन्सर बडबड करतात गं," तो म्हणाला. "आधी परवानगीची ओळ घाल. मेसेज येऊ दे. खरंच काय आहे ते कळेल, मग बघू. उगाच त्यांचा प्लांट बंद पाडू नकोस."

तिची बोटं की-बोर्डवर गेलीही. एक ओळ तर घालायची. शेवटच्या नियमाच्या वर, बरोबर जागी. पण घाईत ती खाली पडली तर तिचा काही उपयोग नाही. एखादा आकडा चुकला तर आणखी वेळ जाणार. आणि तो मेसेज आल्यावर आपल्याला आत्ता माहीत आहे त्यापेक्षा वेगळं काय कळणार? तिनं हात मागं घेतले.

"हूटर कुठनं वाजतो?"

"ह्यो काय." अनुजानं टेबलावरच्या लाल बटणाकडं बोट दाखवलं, पण हात लावला नाही. "साहेबांना इचारल्याबिगर…"

जयपाल प्रिंटरचं काय झालं विचारायला दारात येऊनच उभे होते. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं. "काय झालं?"

संघप्रियानं सांगितलं. ते ऐकत असताना स्क्रीनवरच्या सहा हिरव्या दिव्यांकडं बघत होते.

"हूटर वाजला म्हणजे सगळी लाईन बंद. चालू दूध सगळं गटारीत. खात्री हाय तुमची, मॅडम?"

"खात्री नाही साहेब. पण तो सेन्सर मघापासनं काहीतरी सांगतोय आणि राउटर ते आपल्यापर्यंत येऊ देत नाही, एवढं मला दिसतंय. केरबा फोन उचलत नाहीत."

जयपालांनी लॅपटॉपवर वाकून बघितलं. आणखी एक ओळ आली. लगेच दुसरी. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ओळी येण्याचा वेग कळत होता.

"दाब गं अनुजा," ते म्हणाले आणि वळले.

हूटरनं सगळी इमारत दणाणली. पॅकिंगच्या बायका टोप्या सावरत पळाल्या, मागून टँकरवरची माणसं. कुणी विचारत नव्हतं काय झालंय, सगळे फाटकाकडं धावत होते. जयपालांनी भिंतीवरचं कपाट उघडलं, पाठीवर सिलिंडर आणि तोंडाला मास्क चढवला. एका फिटरलाही चढवायला लावला आणि दोघं मागच्या बाजूला गेले. संघप्रियाही निघाली तशी अनुजानं तिचा दंड धरला. "ताई, तिकडं न्हाय. वारं इकडंच हाय. चला फाटकाकडं."

फाटकाशी उभं राहिल्यावर वास आला. आधी नाकात टोचल्यासारखं झालं, मग डोळे झोंबायला लागले. पॅकिंगमधल्या तानाबाईनं ओला टॉवेल संघप्रियाच्या हातात दिला. "तोंडावर धर, बाई." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "कोन र्‍हायलंय आत?"

"केरबामामा," अनुजा म्हणाली.

कंप्रेसर बंद झाल्यामुळं आवार एकदम सुनं वाटत होतं. संघप्रिया इमारतीच्या कोपऱ्यावर डोळे लावून उभी होती. आपलं चुकलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. दूध वाया गेल्याबद्दल जयपाल साहेबांनी चार शब्द सुनावले असते, आपण ऐकून घेतले असते.

कोपऱ्यावरून ते दोघं आले. मधे केरबा. त्याचे पाय जमिनीवरून फरफटत होते. बाहेरच्या शॉवरखाली त्याला बसवला आणि पाणी सोडलं. तो खोकला. पुन्हा खोकला, आणि तानाबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. सोबत फिटर गेला. बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केलेला होता, अग्निशमनची गाडी येऊन पाणी मारून गेली. आत जायला परवानगी मिळाल्यावर जयपाल कंट्रोल रूममध्ये येऊन खुर्चीत बसले. त्यांचे डोळे लालभडक झाले होते.

"व्हॉल्व्ह अर्धा मिटवला हुता त्यानं," ते म्हणाले. "मिटवता मिटवता पडलाय. दारापासनं दोन हातावर."

संघप्रियानं आता ती ओळ घातली. सावकाश, दोनदा वाचून. सेन्सरनं स्वतःहून पाठवलेलं कंट्रोल रूमपर्यंत येऊ दे. मग यादी पुन्हा वरून खाली वाचली. चार नंबरचा दिवा लगेच लाल झाला. खोलीत गॅस अजून पुरता निवळला नव्हता.

श्रेयसचे फोन येऊन गेले होते. पुन्हा आला तेव्हा तिनं उचलला.

"माणूस कसा आहे?"

"श्वास घेतोय."

"रिपोर्ट लिहू नकोस अजून. मी आल्यावर बघू कसं लिहायचं."

"लिहिलाय मी. चौगुले साहेबांना आणि तुम्हाला, दोघांनाही पाठवलाय. नियमात काय राहिलं होतं ते जसंच्या तसं आहे त्यात."

"माझं नाव?"

"नियम कुणी लावले हे लिहावंच लागतं, सर."

ऊन कलायच्या आत श्रेयस आला. हेल्मेट हातातच होतं. जयपालांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ती ओळ माझ्याकडनं राहिली. काल मी दिवे हिरवे बघितले आणि गेलो. अलार्मची टेस्ट घेतली नाही."

जयपालांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. अनुजाला वाटलं, आता शिव्या निघणार. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. केरबाच्या बायकोचा, शालूबाईचा. ते उठून खिडकीशी गेले. "व्हय… व्हय, वैनी… डॉक्टर काय म्हणाले?… दिसतंय म्हणाला न्हवं?… बरं, बरं. पैशापाण्याचं बघू नगा, मी येतोय." फोन ठेवल्यावर त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"डोळं वाचल्यात," ते म्हणाले. "छातीला वेळ लागंल म्हणत्यात. पण बोलला म्हणं बायकोसंगं."

मग श्रेयसकडं वळून म्हणाले, "तुमचं काय करायचं ते उद्या बघतो, पावणं. आत्ता बाकीच्या पाचांचं दाखवा. मी एकेका सेन्सरचं टेस्टचं बटण दाबत जातो. हितं लाल झालं तर अनुजानं फोनवर सांगायचं. न्हाय झालं तर प्लांट चालू हुणार न्हाय."

"मी बटणं दाबतो," श्रेयस म्हणाला.

"न्हाय. मीच दाबणार."

जयपाल उंचावरच्या पहिल्या सेन्सरच्या शिडीकडं गेले. संघप्रियानं लॅपटॉप जवळ ओढला. फोनवर जयपालांचा धाप लागलेला आवाज आला, "एक नंबर. दाबतोय."

अनुजा स्क्रीनकडं बघत होती. "लाल," ती म्हणाली.