लेझरची तारीख

अजमानहून दुबईतल्या करामाला जाताना भर हायवेवर रोझलिनच्या डाव्या डोळ्यातली लेन्स निसटली. धुळीचं वारं सुटलं होतं. पुढच्या ट्रकचे दिवे एकदम विरघळल्यासारखे दिसू लागले.

"मम्मा, ब्रेक!" शेजारी बसलेली तिची लेक शेनॉन किंचाळली.

रोझलिनने कशीबशी गाडी कडेला घेतली. आता डोळ्यांचं लेझर करून टाकायचं, खलास, असं तिने तिथेच ठरवलं. वसईहून आल्यापासून ती हॉटेलच्या बँक्वेट विभागात होती. एसीत लेन्स टोचायच्या, आणि जाड चष्मा घालून पाहुण्यांसमोर जायला तिला नको वाटायचं.

करामातल्या डॉक्टर ममतांनी तिचे डोळे मशीनवर तपासले. स्क्रीनवर रंगीत नकाशा उमटला, त्यात खालच्या बाजूला लाल डाग.

"डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, इथे पातळ वाटतोय. लेझरने तो आणखी पातळ होईल. पुढे फुगला, तर चष्म्यानेही नीट दिसणार नाही. मी हे ऑपरेशन करणार नाही."

"पण माझ्या कलीगचं मस्त झालं, डॉक्टर."

"तिचा कॉर्निया चांगला असेल. तुमच्या घरात कुणाचा नंबर सारखा बदलतो का?"

"नाही," रोझलिन चटकन म्हणाली. तिला पुढचं ऐकायचंच नव्हतं.

ती दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, केस बॉर्डरलाइन आहे, पण करता येईल. गुरुवारची तारीखही मिळाली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण कामात लक्ष लागेना. ती बसल्याबसल्या एकेक डोळा झाकून समोरची पाटी वाचायची. मोबाइलवर कुणाचा चांगला अनुभव वाचला की हुरूप यायचा, वाईट वाचला की ती मोबाइल उलटा ठेवायची.

"आर्थर, तू फक्त 'कर' म्हण," ती नवऱ्याला म्हणाली.

"एक डॉक्टर हो म्हणतो, एक नाही. मी कसं म्हणू, रोझ?"

"मग कशाला विचारते मी तुला!" ती ताडकन उठून बाल्कनीत गेली.

बुधवारी संध्याकाळी शेनॉन टेबलाशी अभ्यास करत होती. नाक वहीला टेकायचंच बाकी होतं. मधूनच ती मुठींनी डोळे रगडत होती.

"शेनॉन, चोळू नकोस."

"इट्स जस्ट इची, मम्मा."

रोझलिन थांबली. या वर्षातला पोरीचा हा तिसरा चष्मा. "नवीन चष्म्याने नीट दिसतं ना?"

"नॉट रिअली. द लेटर्स हॅव शॅडोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"यू वर बिझी विथ युअर आइज."

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. गुरुवारी तिने आपली तारीख रद्द केली आणि शेनॉनला घेऊन करामा गाठलं.

शेनॉनच्या नकाशातला लाल डाग आईच्यापेक्षा गडद होता. "केराटोकोनस," डॉक्टर ममता म्हणाल्या. "कॉर्निया शंकूसारखा पुढे येतोय. औषधाचे थेंब आणि किरणांनी तो घट्ट करायचा, म्हणजे क्रॉस-लिंकिंग केलं, की हे बहुतेक वेळा थांबवता येतं. बिघडलंय ते मात्र पूर्ण परत येत नाही. बरं झालं आत्ता आणलंत."

"माझ्याकडून आलं का हे?"

"घराण्यात असू शकतं. त्यात दोष कुणाचा नाही. पण डोळे चोळणं आजपासून बंद."

उजव्या डोळ्याची प्रोसीजर झाल्यावर शेनॉन पडदे ओढून पडून राहायची, डोळ्यातून पाणी गळायचं. रोझलिन ड्रॉप्स घालायची आणि पोरीचा हात डोळ्याकडे गेला की धरायची. डावा डोळा नंतर झाला. दर तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणाला जेवण जायचं नाही.

सहा महिन्यांनी शेनॉनचा नकाशा होता तसाच होता. आर्थरने खुर्चीत अंग सैल सोडलं. डॉक्टर ममतांनी रोझलिनकडे पाहिलं. "आता तुमचेही बघू."

रोझलिनने चष्मा काढून मशीनवर हनुवटी टेकवली.

"डोन्ट ब्लिंक, मम्मा," शेनॉन म्हणाली, आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.