उमाकांतरावांचा चहावाहक

हेमलताबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात उमाकांतरावांनी जाहीर केलं, की आता चहासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. चहा स्वतः चालत येईल. उभी हयात विमानांच्या सरकारी संशोधनात घालवून निवृत्त झालेल्या माणसाला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये दोन कप पोचवणं म्हणजे हातचा मळ. ते कप हातात धरूनही आणता येतात हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि हेमलताबाईंनीही आणून दिलं नाही. नवऱ्याचा उत्साह उतू जायला लागला की झाकण ठेवून उपयोग नसतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

मग बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून, एस. पी. रोडवरून, छोट्या मोटर्स आल्या, चाकं आली, सेन्सर आले, आणि बेळ्ळंदूरच्या त्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल कामी आलं. यथावकाश डोक्यावर ट्रे घेतलेलं, कमरेएवढं यंत्र उभं राहिलं. उमाकांतरावांनी त्याचं नाव ठेवलं ‘चहावाहक’. हेमलताबाई त्याला जावईबापू म्हणत. दिवसभर हॉलमध्ये बसून राहायचं, यजमानांना धावायला लावायचं आणि गालिचा जरा दुमडला की रुसायचं, याला दुसरं काय म्हणणार?

पहिल्यांदा ते मागेच गेलं. “दिशा सोडली तर सगळं अचूक आहे,” उमाकांतराव म्हणाले. मग ते पुढे गेलं, ते थेट भिंतीत. पुढे भिंत ओळखायला शिकलं. पण हेमलताबाईंनाही भिंतच समजून लांब थांबू लागलं आणि तिथूनच चहा दाखवू लागलं.

दर रविवारी उमाकांतराव बायकोपुढे खुर्ची ओढून आढावा घेत. ऑफिसची सवय.

“प्रगती समाधानकारक. अडथळे किरकोळ.”

“कालचा चहा सोफ्याने प्यायला.”

“त्याला अपयश नाही म्हणायचं, हेमा. निरीक्षण म्हणायचं.”

“मग ते निरीक्षण फडक्याने पुसून घ्या.”

हेमलताबाईंच्या गुडघ्याची प्रगती मात्र आढाव्यात कधी निघत नसे, आणि त्यांच्या ते पथ्यावरच पडे. फिजिओथेरपिस्ट वॉकर सोडा म्हणून मागे लागली होती. त्यांना मात्र पाय टाकला की तो दगा देईल असंच वाटायचं.

एके दिवशी उमाकांतरावांचे जुने सहकारी श्रीरंग भेटायला यायचे होते. चहावाहक दारातच त्यांचं स्वागत करणार होता. वाटेत अडचण नको म्हणून उमाकांतरावांनी वॉकर आतल्या खोलीत नेऊन ठेवला. खालून सिक्युरिटीचा फोन येताच त्यांनी दार उघडलं, स्वयंपाकाच्या बाई थर्मासमध्ये भरून गेल्या होत्या तो चहा दोन कपांत ओतून ट्रेवर ठेवला आणि बटण दाबलं.

चहावाहक झोकात निघाला. समोरची लिफ्ट उघडली. श्रीरंग बाहेर आले आणि बूट काढायला वाकले. मोकळी वाट दिसताच चहावाहक त्यांना वळसा घालून लिफ्टमध्ये शिरला. दार मिटलं. लिफ्ट खाली निघाली.

“अरे, थांबवा!” उमाकांतराव अनवाणी जिन्याकडे धावले. हातात एक बूट घेऊन श्रीरंगही मागोमाग.

घरात हेमलताबाई एकट्या राहिल्या. त्यांनी वॉकरसाठी हात लांबवला. वॉकर नव्हता. क्षणभर थांबून त्या उठल्या, आणि सोफा, भिंत, दाराची चौकट धरत लिफ्टपाशी जाऊन पोचल्या. बटण दाबलं. पायाने दगा दिला नाही.

लिफ्ट वर आली. आत चहावाहक होता आणि शेजारी निपाणीची कावेरी, वरच्या मजल्यावर राहणारी.

“अक्का, चहा भारी झालाता,” ती म्हणाली. “साखर स्वल्प जास्ती. मला वाटलं सोसायटीनंच सुरू केलंय, म्हणून दोन्ही घेतले.”

तेवढ्यात उमाकांतराव धापा टाकत जिन्याने वर आले. यंत्राकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“वॉकर कुठंय?”

“तुम्हीच नेलात ना.”

ते पायरीवर बसले. चष्मा काढून उगाचच पुसत राहिले. “तू ऑपरेशन थिएटरमध्ये होतीस ना, तेव्हा मला एका जागी बसवेना. हातात काहीतरी हवं होतं गं.”

“मग कप घ्यायचा होतात,” हेमलताबाई म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो आधारासाठी नव्हता.

त्या दिवशी उमाकांतरावांनी स्वतः चहा केला. साखर कुठे, चहा पावडर कुठे, गाळणं कुठे, हे स्वयंपाकघरातून ओरडून विचारत. चहा बेतास बात होता; श्रीरंगांनी भिडेखातर आणखी घेतला. ते निघाले तेव्हा हेमलताबाई त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेल्या. जाताना भिंत धरली. येताना धरायचं राहून गेलं.