धाकटीचे उंदीर

धाकटीच्या उंदरांनी पाय उचलले की माझ्या पोटात दुखायचं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. एका घरात नांदतोच, वर एकाच प्रयोगशाळेत काम करतो; तिच्यापासून सुटका म्हणून कुठेच नाही.

आमचं काम असं: उंदराच्या कंबरेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाला सिलिकॉनची इवलीशी कडी बसवायची. मूळ दाबलं जातं आणि माणसाच्या कंबरेतून पायात कळ जाते तसलं दुखणं उंदराला होतं. जखम भरली की त्याला जाळीवर ठेवून खालून तळपायाला नायलॉनचा केस टोचायचा. दुखऱ्या पायाला बारीक केसही सोसत नाही. धाकटी सकाळी तपासायची, तिचे उंदीर झटकन पाय उचलायचे. मी दुपारी तपासायची, माझे ढिम्म.

"तुमची कडी सैल बसत असेल," आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "औषधाच्या चाचणीत सगळी ऑपरेशनं एकाच हाताची हवीत. धाकटीला देऊ या का?"

कडी बसवायला तिला शिकवलं कोणी? मी! माझा नुसता तिळपापड झाला. ही बाई केस जोरात टोचत असणार, दुसरं काय!

"माझे उंदीर तिला तपासू द्या," मी म्हणाले. "कडीवाले आणि नुसती चीर दिलेले, सगळे मिसळून. कुठला कोणता ते तिला सांगायचं नाही."

मला वाटलं, जोरात टोचल्यावर नुसते चीरवालेही पाय उचलतील आणि हिचं पितळ उघडं पडणार. मी बाहेर थांबले. मॅडम हसतच दारात आल्या. "कडीवाले सगळे बरोब्बर ओळखले तिने. तुमची ऑपरेशनं अगदी चोख आहेत हो!"

आनंद झाला, नाही असं नाही. पण तो तिच्या हातून मिळाला म्हणून घशाखाली उतरेना. मी तरातरा आत गेले, थोडं थांबून स्वतः केस लावला. उंदीर ढिम्म.

धाकटी जवळ आली आणि चक्क मला हुंगायला लागली.

"ताई, हा ॲप्रनच्या आतला शर्ट भाऊजींचा ना?"

"दुपारी एसीची थंडी वाजते म्हणून घालते. चोरलेला नाही!"

"तसं नाही हो. पुरुषाच्या वासाने उंदीर घाबरतात. भीतीपुढे दुखणं दबून जातं. इथे सगळ्या बायकाच, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही."

शर्ट बाहेर नेऊन ठेवला, हात धुतले, उंदरांना निवांत होऊ दिलं. मग केस लावला. पाय झटकन वर!

ऑपरेशनं मला मिळाली. पण त्या दिवशी माझ्याकडे बघतंय कोण? सगळ्या धाकटीभोवती. मॅडम तिला म्हणाल्या, यावर शोधनिबंध लिही.

"पहिलं नाव ताईंचं घालू या," धाकटी म्हणाली. "त्यांनी हट्ट धरला नसता तर कळलंच नसतं."

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तिने सासूबाईंना गाठलं. "आई, ताईंचा हात एकदा बघायला हवा तुम्ही! एवढीशी नस, पण कडी कशी अचूक बसते!"

सासूबाई कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी धाकटीच्या चेहऱ्यावर कुठे काही खुपतंय का, ते शोधत होते. काही म्हणजे काही नव्हतं. तिची हुशारी मी एक वेळ पचवली असती. पण इतकी वर्षं मी हिच्यावर जळतेय आणि हिला माझा साधा हेवासुद्धा वाटत नाही?