पिएरिनाची डाव्या हाताची लिपस्टिक

ओर्नेला आणि पिएरिना यांचं बोलणं बंद होऊन अकरा महिने झाले होते, आणि ही गोष्ट माहीत नाही असं माणूस ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेल गावात शोधूनही सापडलं नसतं. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, दोघींचे बाप इटलीहून आलेले, एकाच टोळीत ऊस तोडायचे. पुढे पिएरिना लग्न होऊन सिल्वानोच्या केळीच्या बागेत गेली आणि ओर्नेलाने घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांचं पार्लर थाटलं. छत्तीस वर्षं दर गुरुवारी दुपारी पिएरिना त्यातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आली होती. त्या वेळेला दुसऱ्या कुणी यायचं नाही, हे गावाला पाठ होतं.

बिनसलं ते पिएरिनाच्या मुलीच्या, डॅनिएलाच्या, लग्नाच्या सकाळी. सगळ्यांची तयारी ओर्नेलाच करत होती. शेवटी पिएरिना खुर्चीत बसली आणि नेहमीचंच मागू लागली. केस कोळशासारखे काळे, पेन्सिलीने काढलेल्या दोऱ्याएवढ्या भुवया, पापण्यांवर निळा रंग आणि वर फाउंडेशनचा जाड थर. विसाव्या वर्षी ठरवलेला चेहरा तिने अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तसाच ओढत आणला होता. ओर्नेला बरेच दिवस तिला सुचवत होती, की बाई, आता कातडी कोरडी झालीय, पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते, जरा हात आवर. त्या दिवशी पहाटेपासून उभी राहून तिचे पाय भरून आले होते, अंगठ्याचे सांधे ठणकत होते. ती पटकन बोलून गेली, "पिएरिना, हे असं थापलं ना, की मयताला सजवल्यासारखी दिसतेस."

खोलीत पाच करवल्या होत्या आणि नवऱ्यामुलाची आईही होती. पिएरिना उठली, गळ्याचा टॉवेल काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेली. लग्नात तिने स्वतःचं स्वतः केलं होतं. त्यानंतर ती केर्न्सला जाऊन केस करून घेऊ लागली, जाऊन येऊन तीन तासांचा रस्ता; पुढे पुढे तेही लांबत गेलं.

मार्चमध्ये डॅनिएलाचा फोन आला.

"मावशी, आईला अर्धांगाचा झटका आलाय. उजवी बाजू गेली. केर्न्सला दोन आठवडे होती, आता इथल्या इस्पितळात आणलंय."

"बोलते का?"

"एकेक शब्द. कळतं सगळं. पण कुणाला खोलीत येऊ देत नाही. बाबांनासुद्धा दारात उभं करते. डॉक्टर म्हणतात, हे पहिले महिनेच महत्त्वाचे आहेत, आत्ता हात हलवला तर हलला. पण व्यायामाच्या खोलीत जायलाच तयार नाही. तिथे भिंतभर आरसा आहे गं."

ओर्नेलाला पुढचं सांगावं लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वी पिएरिनाची आई गेली तेव्हा शेवटचे पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळून होती. बाई मोठी टापटिपीची, हनुवटीवरचा एक केस कधी दिसू दिला नव्हता. शवपेटीत मात्र ते केस सगळ्यांना दिसले. त्या संध्याकाळी पिएरिना म्हणाली होती, "माझ्यावर अशी वेळ आली, तर तू चिमटा घेऊन यायचंस. शपथ घे." ओर्नेलाने घेतली होती, आणि तिच्याकडूनही घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लरला कुलूप लावून ती इस्पितळात गेली.

पिएरिना खिडकीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या मुळाशी बोटभर पांढरं आणि पुढे काळं, जणू कुणाची तरी टोपी घसरून मागे गेलीय. उजवा गाल आणि ओठाचा कोपरा खाली आला होता. पण ओर्नेलाचं लक्ष गेलं ते भुवयांकडे. भुवया नव्हत्याच. चाळीस वर्षं उपटून उपटून त्या केव्हाच उगवायच्या बंद झाल्या होत्या आणि पेन्सिलीशिवायची पिएरिना ओर्नेलानेसुद्धा शाळेनंतर पाहिली नव्हती. ती पाठ का फिरवते, ते एका नजरेत कळलं.

"चिमटा घेऊन आलेय," ओर्नेला म्हणाली. "ठरलं होतं आपलं."

पिएरिना हलली नाही. मग तिने मान सरळ केली आणि हनुवटी वर केली.

ओर्नेलाने आधी एक चष्मा लावला, मग त्याच्यावर दुसरा. चिमटा धरताना अंगठ्यातून कळ गेली, ती तिने गिळली. एकूण चौदा केस निघाले.

"लग्नाच्या दिवशी मी जे बोलले..." हात चालू ठेवूनच ती म्हणाली.

"मयत," पिएरिना म्हणाली. शब्द अगदी स्वच्छ आला.

"हो. बोलायला नको होतं."

"ख... खरं?"

"रंगाबद्दल खरं होतं. तुझ्याबद्दल नाही. आणि चारचौघांत तर मुळीच नाही. चूक माझी."

पिएरिनाने तिच्याकडे बघितलं. "गा... गाढव," ती म्हणाली. तोंडाची डावी बाजू हसली, उजवी जागच्या जागी राहिली.

त्यानंतर ओर्नेला रोज जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी पिएरिनाने स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "काळे."

ओर्नेलाच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. त्यांतली एकही तिने बाहेर येऊ दिली नाही. "टाळू सोलवटलीय तुझी, कलप झोंबेल. ती बरी होऊ दे, मग तुला हवे तसे करू," एवढंच म्हणाली. "पण उशीवर घासून मागे नुसता गुंता झालाय. तो कापू का?"

पिएरिनाने डोळे मिटून होकार दिला. कापता कापता बहुतेक सगळं काळं खाली पडलं आणि डोक्यावर बोटभर पांढरे केस उरले. ते दाट होते, उभे राहत होते, आणि एका हाताने टॉवेल फिरवला की विंचरल्यासारखे बसत होते. मग ओर्नेलाने राखाडी पेन्सिलीने बारीक बारीक रेघा ओढून भुवया काढल्या, हाडावर जिथे असायच्या तिथेच, जरा रुंद. आरसा तिने आपण होऊन दिला नाही. पिएरिनाने हात पुढे केला तेव्हाच दिला.

पिएरिना आरशात खूप वेळ बघत राहिली. "आई," ती शेवटी म्हणाली.

"हो, दिसतेस खरी तिच्यासारखी."

"आई... बरी होती." आरसा तिने पालथा ठेवला नाही, मांडीवर ठेवला. त्या दुपारी सिल्वानोला तिने आत येऊ दिलं. तो बिचारा खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "केस बरे केलेत," आणि पंख्याकडे बघत राहिला.

व्यायामाच्या खोलीची प्रमुख होती नेरिडा, चाळिशीची, भरदार बाई, बोलणं सडेतोड. पिएरिना पहिल्यांदा तिथे आली ती पुरी तयार होऊन. ओर्नेलाने क्रीम, भुवया, लिपस्टिक, सगळं लावून दिलं होतं. नेरिडाने दोघींकडे पाहिलं.

"छान. कुणी केलं?"

"मी," ओर्नेला म्हणाली, जराशा ऐटीतच.

"उद्यापासून करायचं नाही. तुम्ही घरी जाल, मग हिचं कोण करणार? हात तोंडापर्यंत नेणं हाच तर व्यायाम आहे. तो तुम्ही केलात. तुमची तब्येत सुधारेल, हिची नाही."

ओर्नेला गाडी चालवताना घरापर्यंत तिला शिव्या घालत आली. पण रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी तिने आपला उजवा हात एप्रनच्या बंदाने कमरेला बांधला आणि आरशापुढे बसली. रोज सहा मिनिटांत होणारं काम, त्याला पाऊण तास लागला. फाउंडेशनची बाटली एका हाताने उघडेचना. दातांनी उघडली तर अर्धी गाऊनवर सांडली. पावडरच्या डबीचं झाकण फिरवायला डबी गुडघ्यांत धरावी लागली. डोळ्यांची पेन्सिल थेट डोळ्यात गेली. लिपस्टिक एवढी बारीक, की डाव्या बोटांतून सटकून दोनदा बेसिनमध्ये पडली. चर्च चुकलं. तिने हात सोडला, कॉफी केली आणि टेबलावर सगळ्या वस्तूंचे दोन ढीग केले.

मोठा ढीग टाकून द्यायचा होता. पावडर, निळा रंग, फिरकीच्या झाकणांच्या बाटल्या, सगळं त्यात गेलं. उरलं ते फार थोडं. दाबलं की तळहातावर येणारं क्रीम. गालालाही चालेल आणि ओठांनाही, असा एकच मऊ रंग, बोटाने लावायचा. भुवयांसाठी पुठ्ठ्याचा साचा; तो कपाळावर हाताने धरायचा नाही, चिकटपट्टीने चिकटवायचा, म्हणजे हात पेन्सिलीला मोकळा. आणि लिपस्टिक. तिच्यासाठी सिल्वानोने शेडमधल्या जुन्या सायकलची रबरी मूठ कापून आणली. तीत लिपस्टिक घट्ट बसली. झाकण काढूनच टाकलं.

"ही काय... गाजर?" मूठ बघून पिएरिना म्हणाली.

"गाजर समज. पण तोंडापर्यंत ने."

आरशापुढे पहिल्या दिवशी हात वाटेतच थरथरून खाली आला. चौथ्या दिवशी रंग ओठांना लागला, पण उजवीकडे ओठ सोडून वर गालावर गेला. पुन्हा पुसलं, पुन्हा तसंच. ओर्नेला बाजूला हात मांडीखाली दाबून बसली होती, नाहीतर त्यांनी नक्की पुढे होऊन नीट केलं असतं. दोन दिवस बघितल्यावर तिला कळलं काय होतंय ते.

"पिएरिना, तू जुन्या ओठाला रंग लावतेयस. हाताला सवय आहे तिथली. आत्ताचा ओठ खाली आहे. बघून लाव."

पिएरिनाने गाजर फेकलं. ते घरंगळत पार चालायच्या सरावाच्या दांड्यांखाली गेलं. डोळे भरून आले, आणि ज्या बाजूला हालचाल नव्हती त्या बाजूचं पाणी पुसायलाही तिला डावाच हात वापरावा लागला. "नाही... नको हा," ती म्हणाली. "हा... माझा नाही."

नेरिडाने वाकून मूठ उचलली, धुऊन आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "दहा मिनिटं विश्रांती," म्हणाली आणि दुसऱ्या माणसाकडे गेली.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ओर्नेलाला वाटलं, आज संपलं. मग पिएरिना आरशाच्या जवळ सरकली, इतकी की श्वासाने काच धुरकटली. मूठ धरलेल्या डाव्या हाताच्याच करंगळीने तिने उजव्या ओठाची कड चाचपली, आंधळं माणूस चेहरा ओळखतं तशी, आणि त्या बोटाच्या मागून हळूहळू रंग नेला. कड नागमोडी आली. पण ओठावर आली.

पाच आठवड्यांनी ती काठी घेऊन घरी गेली. उजवा हात खांद्यापासून थोडा उचलायचा, बोटं मात्र वळायची नाहीत. बोलणं अडखळतच राहिलं. गुरुवार पुन्हा सुरू झाले, आता ओर्नेला तिच्या घरी जायची. कबूल केल्याप्रमाणे तिने विचारलं, "टाळू बरी झालीय. काळे करायचे?"

पिएरिनाने बोटभर पांढऱ्या केसांतून हात फिरवला. "थांब," ती म्हणाली. "बघू."

जूनमध्ये इटालियन क्लबात जेवण होतं. जायचं की नाही यावर तिने दोन दिवस काढले. मग सकाळी उठून स्वतःचं स्वतः केलं, तासभर लावून, आणि डॅनिएलाला फक्त गळ्यातल्या साखळीची कडी लावायला बोलावलं. क्लबात ती काठी टेकत आत आली तेव्हा दारातल्याच टेबलावर अस्सुंता बसली होती. तिच्या जिभेचा फटका अख्ख्या गावाने खाल्लेला.

"अगोबाई, पिएरिना! पांढरी फटक झालीस गं! मी तर ओळखलंच नाही. एकदम किती वय दिसायला लागलं!"

ओर्नेलाने तोंड उघडलं होतं, पण पिएरिनाने काठी जराशी उचलून तिला थांबवलं.

"मी... एकोणसाठ," ती म्हणाली. "तू?"

"मी? साठ," अस्सुंता म्हणाली.

पिएरिना शब्द शोधत राहिली. "अ... अजून?"

पहिल्यांदा सिल्वानोच फिसकन हसला, मग सगळं टेबल. अस्सुंताही नाइलाजाने हसली आणि तिला बसायला बाजूची खुर्ची ओढून दिली. पिएरिनाने पास्ता डाव्या हाताने खाल्ला, चमच्याने, आणि रुमालाने सारखी उजवी बाजू टिपत राहिली. घरी येऊन दमून झोपली ती संध्याकाळपर्यंत.

नेरिडा पुढे आणखी दोघींना ओर्नेलाकडे पाठवू लागली. एकीला सांधेदुखीने केसांचा ब्रश धरवत नव्हता, दुसरीची नजर इतकी गेली होती की तिला सगळं चाचपूनच करावं लागायचं. ओर्नेला आता कुणाला काय शोभतं हे आधी सांगत नाही, आधी विचारते. नेहमी जमतंच असं नाही.

मागच्या गुरुवारी पिएरिनाने तिच्यापुढे मासिकातलं एक पान ठेवलं आणि एका लिपस्टिकवर बोट ठेवलं. गडद लाल, पिकल्या चेरीसारखा.

"हा?" ओर्नेलाने विचारलं.

"हा."

ओर्नेलाच्या मते तो रंग फार भडक होता, आणि पांढऱ्या केसांना तर आणखीच भडक दिसला असता. तिने तो मागवला.