पुरे म्हणेपर्यंत

मित्रांनो, तुमचे दात तोंडात असतात, माझे मात्र पोटात आहेत. मी एक जुनी किसणी आहे. तुमच्या घरातल्या सपाट, भोकाभोकांच्या किसणीशी माझी तुलना करू नका, मला राग येतो. ती बिचारी आडवी पडून राहते आणि वर तुमची बोटे सोलते. मी फिरकीची आहे. वर एक लहानशी पेटी, तिच्याखाली धारदार दातांचे नळकांडे आणि बाजूला ते गरगर फिरवायची दांडी. पेटीत चीजचा तुकडा ठेवायचा, पट्टीने दाबायचा आणि दांडी फिरवायची, की ताटात पांढराशुभ्र किस पडू लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, दात पाडले, पॉलिश केले. मग एका कामगाराने धार पाहायला माझ्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच तो अंगठा तोंडात घातला. तेव्हाच मला कळले, की आपण नशीब काढणार. पुढे काही महिने मी एका दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले होते. एक दिवस ताईंनी मला उचलले, दांडी एकदा फिरवून पाहिली आणि घासाघीस न करता पिशवीत टाकले.

ताई आणि त्यांचा मोठा भाऊ मिळून एक इटालियन खाणावळ चालवतात. चपलांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेले, की मधोमध एक लांबच लांब टेबल असलेली खोली लागते आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाक दादाचा, टेबल ताईंचे आणि गोडाचे सगळे वहिनींकडे, म्हणजे दादाच्या बायकोकडे. येथे पदार्थांची यादी मिळत नाही. माणशी एकच दर. त्या दिवशी दादाने जे रांधले असेल, ते मोठमोठ्या ताटांतून टेबलाच्या मधोमध येते. आधी पाव आणि सूप, मग पास्ता, शेवटी काहीतरी गोड. सगळ्यांना तेच आणि पोटभर.

चीज मात्र कधीच स्वयंपाकघरातून किसून येत नाही. ताई स्वतः मला घेऊन प्रत्येकाच्या मागे उभ्या राहतात आणि पाहुणा "पुरे" म्हणेपर्यंत दांडी फिरवतात. हा या घरचा रिवाज आहे. भिडस्त माणसे लगेच पुरे म्हणतात, मुले मुद्दाम गप्प बसतात. एकदा एक गृहस्थ फोनवर बोलण्यात इतके रंगले, की पुरे म्हणायचेच विसरले. ताईही काही कमी नाहीत. त्यांनी गृहस्थांचा पास्ता पार दिसेनासा केला. त्या दिवशी सगळे टेबल पोट धरून हसले आणि मी मनातल्या मनात फुशारले.

कौतुक असे चालले होते, पण एक गोष्ट हळूहळू बिघडत गेली. माझ्या बाजूला एक खटका आहे. तो दाबला, की नळकांडे बाहेर येते. सुरुवातीला ताई रोज मला उघडायच्या, ब्रशने घासायच्या, पुसून ठेवायच्या. मग गर्दी वाढली. खटका घट्ट बसू लागला आणि कोणाला त्याच्याशी झटापट करायला सवड राहिली नाही. नळाखाली धरायचे, झटकायचे, टांगायचे. वरून मी चकचकीत दिसत होते. आत काय साचले आहे, ते माझे मलाच ठाऊक.

एक दिवस एका बाईंचा फोन आला. वडिलांचा वाढदिवस होता, घरची सगळी मंडळी घेऊन येणार होत्या. त्यांच्या भावाची मुलगी टिकली चौथीत होती आणि तिला अक्रोड चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असे नाही. एक कण जरी पोटात गेला, तरी तिचा घसा सुजायचा आणि श्वास कोंडायचा. एकदा तिला दवाखान्यात न्यावे लागले होते आणि ती थोडक्यात वाचली होती. तेव्हापासून लग्न असो की वाढदिवस, सगळे ताटावर बसायचे आणि टिकली कोपऱ्यात आपला डबा उघडायची. सगळ्यांच्या ताटात एकच जेवण असते, म्हणून आत्याने ही खाणावळ निवडली होती. टिकलीची आई मोठ्या मुश्किलीने तयार झाली होती. तिची एकच अट होती. काही कमीजास्त झाले, तर पुन्हा बाहेर जेवायचे नाव काढायचे नाही.

दादाने हे फारच मनावर घेतले. त्याने अक्रोडाची बरणी स्वयंपाकघरातून हद्दपार केली, ओटा दोनदा धुतला, भाजी चिरायच्या पाट्या उन्हात वाळवल्या. "आज माझ्या उंबऱ्याच्या आत अक्रोड येता कामा नये," असे त्याने बजावले.

आणि घोटाळा इथेच झाला. वहिनींना दुसऱ्या दिवसाच्या केकसाठी अक्रोड किसायचे होते. स्वयंपाकघरात बंदी, म्हणून त्या बरणी घेऊन बाहेर जेवणाच्या मोठ्या टेबलाशी बसल्या. आतली किसणीही वापरायची नाही, म्हणून त्यांनी तिथल्या खिळ्यावरून मला काढले. स्वयंपाकघर वाचावे म्हणून केलेल्या या खटाटोपात अक्रोड थेट माझ्या पोटात गेला. माझ्या आयुष्यात प्रथमच.

वहिनी काही निष्काळजी नव्हत्या. त्यांनी टेबल पुसले, मला बाहेरच्या हात धुवायच्या नळाखाली धरले आणि खटका दाबून पाहिला. तो हलेना. त्यांना केकचे सामान आणायला जायची घाई होती. मला तिथल्याच जाळीवर उपडी ठेवून त्यांनी दारातून दादाला सांगितले, की अक्रोड किसलाय, हिला नीट उघडून धू. दादा कांदा परतत होता. कढई चरचरत होती. त्याने मान न वळवता "हो हो" म्हटले. त्याने ऐकलेच नव्हते. थोड्या वेळाने ताई आल्या. मी कोरडी, चकचकीत जाळीवर बसलेली दिसले. धुतलेलीच आहे असे समजून त्यांनी मला खिळ्यावर टांगले.

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर!

संध्याकाळी मंडळी जिना चढून आली. आजोबांचा हात धरून आत्या, मागे काका-काकू आणि त्यांचे दोन दांडगे मुलगे, शेवटी आई-बाबांच्या मधोमध टिकली. तिने नवा झगा घातला होता. हातात डबा नव्हता, म्हणून रिकाम्या हातांचे काय करावे, ते तिला कळत नव्हते. आईने पर्स मांडीवर घेतली आणि घट्ट धरली. पर्समध्ये टिकलीचे तातडीचे इंजेक्शन होते.

टिकलीला एक सवय होती. ताट समोर आले, की ती विचारायची, "यात काय काय आहे?" चुलत भाऊ तिची नक्कल करून तिला रडकुंडीला आणायचे. सूप येताच तिने तोंड उघडले, तोच आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आज तू काही विचारायचं नाहीस हं. मी सगळं सांगून ठेवलंय. आज नुसतं मजेत जेवायचं."

आत्या मायेनेच म्हणाली होती. टिकलीने मान डोलावली. सूप झाले, पाव झाला आणि काहीच झाले नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू आले. आई मात्र अजून पाव हातात घेऊन तशीच बसली होती. तिचा घास काही तोंडात जात नव्हता.

मग टोमॅटोच्या लालभडक सॉसमधला पास्ता आला. ताईंनी तो सगळ्यांना वाढला, मला खिळ्यावरून काढले आणि पेटीत चीजचा मोठा तुकडा बसवला.

पहिला मान आजोबांचा. दांडी फिरली आणि मला आतून जाणवले, की चीजबरोबर अक्रोडाचा भुगाही सुटतो आहे. पांढऱ्या किसात बारीक तपकिरी कण. लाल सॉसवर पडले की दिसेनासे होत होते. "पुरे, पुरे," आजोबा म्हणाले. मग आत्या. मग काका. माझे दात शिवशिवत होते. मी अडून पाहिले, दांडी जड करून पाहिली. ताईंनी जोर लावला आणि मी मुकाट्याने फिरले. किसणीचे कोण ऐकतो?

काकूंचे झाले. दोघा मुलग्यांनी पुरे म्हणायचे नाही असे आधीच ठरवले होते. इतर वेळी मला असली मुले आवडतात. त्या दिवशी मी मनोमन म्हणत होते, की बाळांनो, असेच गप्प बसा, रात्रभर गप्प बसा. पण आजोबांनी डोळे वटारले आणि त्यांनी पुरे म्हटले. टिकलीच्या बाबांचे झाले. ताई एक पाऊल पुढे सरकल्या आणि मी टिकलीच्या ताटावर आले.

तिने वर पाहिले. मला एवढ्या जवळून पाहणारी ती पहिलीच. तिचा डावा हात मांडीवरून उठला, पुन्हा खाली गेला. तिने आत्याकडे पाहिले. आत्या हसत होती. चुलत भाऊ कोपरांनी एकमेकांना ढोसत होते. ताईंची मूठ दांडीवर वळली.

"पुरे," टिकली म्हणाली. तिने दोन्ही पंजे ताटावर धरले होते.

"अगं, अजून सुरू कुठे केलंय?" ताई हसून म्हणाल्या.

"आधी सांगा ना. या किसणीत आज काय काय किसलंय?"

भाऊ फिदीफिदी हसले. आत्या कानकोंडी झाली आणि अगं, काय ठरलं होतं आपलं, असे काहीसे पुटपुटली. काका म्हणाले, की ताईंचे हात दुखले असतील, होऊन जाऊ दे. ताईंनाही ते थोडे लागलेच होते. चीजच किसते ग हिच्यात, दुसरे काय, असे त्यांनी सांगितले. टिकलीचे कान लाल झाले होते. पण पंजे काही हलले नाहीत.

"मग उघडून दाखवाल?"

आता ताईंच्या अब्रूचा प्रश्न होता. पाहुण्यांसमोर आपली वस्तू उघडून दाखवायची, म्हणजे आपल्यावर त्यांचा भरवसा नाही हे कबूल करायचे. तरी त्यांनी खटका दाबला. तो हलला नाही. पुन्हा दाबला. राहू द्या आता, असे काकू म्हणाल्या. ताईंनी टेबलावरचा काटा उचलला, त्याचे टोक खटक्यात घातले आणि सगळा जोर लावला. खट्ट आवाज झाला आणि नळकांडे त्यांच्या तळहातावर आले.

दातांच्या मुळाशी तपकिरी भुगा चिकटला होता. ताईंनी तो नाकाशी नेला. त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले.

"अक्रोड," त्या कशाबशा म्हणाल्या. "दादा..."

टिकलीची आई ताडकन उठली. तिने टिकलीची खुर्चीच मागे ओढली, तिचे हात पाहिले, ओठ पाहिले, श्वास ऐकला. सगळे ठीक होते. एकही कण तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता. आतून दादा धावत आला. ताईंच्या हातातले नळकांडे पाहून तो भिंतीला टेकला आणि वहिनींनी सांगितले होते ते त्याला आत्ता आठवले. आत्याला रडू फुटले. आईने पर्स खांद्याला लावली.

"चला," ती म्हणाली. डबा पुन्हा तयार झाला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसले. आता तो जन्मभर सुटणार नव्हता.

टिकली जागची हलली नाही.

"आई, मी विचारलं ना," ती म्हणाली. "सगळ्यांनी नको म्हटलं, तरी विचारलं. मला विचारता येतं."

आई तिच्याकडे बघत राहिली. ती कधीपासून उभी होती आणि कधी खाली बसली, ते तिलाही कळले नसावे. आजोबांनी आपले ताट हळूच पुढे सरकवले. "हे सगळं परत न्या आणि पुन्हा करा," त्यांनी दादाला सांगितले. "आणि चीज कोणालाच नको."

सगळ्यांनी आपापली ताटे परत पाठवली. हात धुतले, टेबल धुतले. टिकली आणि तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि दादाने कोऱ्या भांड्यात त्यांच्या डोळ्यांदेखत सगळे नव्याने रांधले. टिकलीने प्रत्येक डब्यात काय आहे ते विचारले. दादाने प्रत्येक डबा उघडून दाखवला. मग आजोबांच्या ताटात जे पडले, तेच टिकलीच्या ताटात पडले. ती तोंड माखेपर्यंत जेवली. तेव्हा कुठे आईने पर्स खुर्चीला अडकवली आणि पावाचा पहिला तुकडा तोंडात टाकला.

त्या दिवसापासून मी चीजला शिवलेले नाही. माझ्या जागी नवी किसणी आली. ताईंनी मला फेकले नाही. पोट उघडे ठेवून जेवणाच्या खोलीतच भिंतीवर लावले आहे. आता त्या नवी किसणी दोन तुकड्यांत घेऊन येतात, पाहुण्यांना आतून दाखवतात आणि मगच जोडतात. नवीचा मला हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू. तिचा खटका रोज उघडतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मुक्या वस्तू वरून चमकत असतील, पण त्यांना आतूनही बघत जा. आम्हाला सांगता येत नाही. आणि तुमच्यातला कोणी पुन्हा पुन्हा तेच विचारत असेल, तर त्याला हसू नका. तो भित्रा नसतो.

परवा टिकली पुन्हा आली. आता ती कॉलेजात जाते. बरोबर मैत्रिणींचा घोळका होता, आई नव्हती. तिने प्रत्येक ताटाला विचारायचे ते विचारले. कोणी हसले नाही. मग ताई नवी किसणी घेऊन आल्या, उघडून दाखवली, जोडली आणि टिकलीच्या ताटावर धरली. टिकलीने एकदा भिंतीवर माझ्याकडे पाहिले आणि हात मांडीवर ठेवले.

दांडी फिरत राहिली. पास्ता दिसेनासा झाला, मैत्रिणी खिदळू लागल्या, ताईंचा हात भरून आला. टिकली काही पुरे म्हणेना.