मास्तरांचा अंगठा

कापड बेतण्यात मास्तरांचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं. 'दहातले आठ कामगार इथलेच हवेत' हा कायदा आला, तेव्हा छातीही सगळ्यांत जास्त त्यांचीच फुगली. त्यासाठी सह्या गोळा करत त्यांनीच तर चपला झिजवल्या होत्या.

मालकाकडे इथले तिघेच. त्यात मास्तरांची कंबर धरलेली. मग मालकाने तोडगा काढला: नावं इथल्यांची लावायची, राबायचं बाहेरून आलेल्यांनी. मास्तरांना म्हणाला, महिनाभर पडून राहा, पगार घरी येईल. त्यांच्या जागी, सगळे ज्याला 'पाहुणा' म्हणत, तो उभा राहिला. चार वर्षांपूर्वी परमुलखातून आलेल्या या पोराला कात्री धरायला मास्तरांनीच शिकवलं होतं. हजेरीच्या यंत्रात मास्तरांच्या नावापुढे त्याचा अंगठा घेतला गेला, ओळखपत्रावर फोटोही त्याचाच चिकटला.

"अहो, नाव काय साखरेची वाटी आहे उसनी द्यायला?" बायको म्हणाली. मास्तर हसून कुशीवर वळले.

महिन्याने ते ताठ कमरेने कामावर गेले आणि नेमका त्याच दिवशी तपासनीस आला. दारं लावून त्याने एकेकाला यंत्रापुढे उभं केलं. पाहुण्याने अंगठा टेकवला. यंत्राने मास्तरांचं नाव दाखवलं, हिरवा दिवा लागला. मग मास्तरांची पाळी. लाल दिवा. त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा टेकवला. यंत्र आपल्या मतावर ठाम होतं.

"तो म्हणजे मी," मास्तर पाहुण्याकडे बोट दाखवून म्हणाले. ऐकताना त्यांना स्वतःलाच ते पटेना.

तपासनीसाने मालकाकडे पाहिलं, मालकाने छताकडे. खरं बाहेर पडलं तर कारखान्याला टाळं लागणार, हे चाळीस जणांना ठाऊक होतं. चाळीस माना शिलाईयंत्रांवर वाकल्या.

"यांना ओळखता?" तपासनीसाने पाहुण्याला विचारलं.

पाहुण्याने कात्री खाली ठेवली नाही. "कधीमधी पाणी प्यायला येतात," तो म्हणाला.

अहवाल झकास झाला. इथल्यांचं प्रमाण पुरेपूर, आगंतुक एक.

बिननोंदीच्या लोकांना परत धाडणारी बंद गाडी बाहेर उभी होती; मास्तरांना तिच्यात चढवलं, तेव्हा आत आधीच सात जण होते. मास्तर त्यांना परोपरीने सांगू लागले, मी इथलाच आहे हो. एका म्हाताऱ्याने सरकून जागा दिली.

"टेकून बसा. लांब जायचंय."

"कुठे?"

"तुम्ही कुठून आलात, ते अजून ठरायचंय त्यांचं."